आधी पोट दाखवा: घरी इन्सुलिन घेणाऱ्या एका मावशींचं प्रकरण

सुनेनं फाइल टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "ताई, आत्यांना तुम्हीच समजावा. चोरून गोड खातात. साखरेचा डबा कुलपात ठेवायची वेळ आलीय आमच्यावर." मावशी काही बोलल्या नाहीत. कापडी पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत बसून राहिल्या.

मी डायबेटिस एज्युकेटर आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. कुठलं औषध आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ते औषध घरी गेल्यावर पेशंट नेमकं कसं घेतो, हे बघायचं काम माझं. हे प्रकरण मावशींना आणि घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे बारकावे बदललेत. लिहावंसं वाटलं, कारण या बाईवर वर्षभर आळ होता, आणि त्या आळाच्या भरात इन्सुलिनचा डोस चढत गेला होता.

मावशींचं वय 61, वजन 57 किलो, मधुमेह होऊन 13 वर्षं झालेली. गोळ्या पुरेनात म्हणून अडीच वर्षांपूर्वी 30/70 चं मिक्स इन्सुलिन सुरू झालं. म्हणजे 30 टक्के लवकर काम करणारं आणि 70 टक्के सावकाश, बरेच तास काम करणारं, एकाच बाटलीत. सुरुवातीला सकाळी 18 आणि रात्री 10 पॉइंट. (दवाखान्यात 'युनिट' म्हणतात, आमच्याकडे सगळे 'पॉइंट'च म्हणतात.) फाइलच्या शेवटच्या पानावर आकडा होता सकाळी 34, रात्री 20. म्हणजे डोस जवळजवळ दुप्पट, आणि तरी तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी, 10.2. याचा अर्थ तीन महिन्यांतली सरासरी साधारण 246.

आणखी एक गोष्ट आमच्या डॉक्टरांना खटकली होती. एवढी शुगर असलेल्या बाईला डिसेंबरात दोनदा मध्यरात्री दरदरून घाम फुटला होता, हातपाय थरथरले होते, आणि मुलानं घरच्या मशीनवर तपासलं तेव्हा एकदा 52 आणि एकदा 58 आली होती. नुसतं गोड खाणाऱ्या माणसाची शुगर अशी वर-खाली उड्या मारत नाही. डॉक्टरांनी डोस आणखी न वाढवता चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: 'टेक्निक पाहा.'

सांगू नका, करून दाखवा

"इंजेक्शन कसं घेता?" असं विचारलं की प्रत्येक जण बरोबरच उत्तर देतो. सुरुवातीला शिकवलेलं पाठ असतं. म्हणून मी विचारतच नाही. घरचं सामान घेऊन या आणि माझ्यासमोर घ्या, एवढंच सांगते. मावशींना सुद्धा फोनवर तसंच सांगितलं होतं, सकाळचं इंजेक्शन आणि नाष्टा दोन्ही दवाखान्यातच करा म्हणून.

पिशवीतून स्टीलचा गोल डबा निघाला. त्यात बाटली, एक सिरिंज, कापूस आणि स्पिरिटची लहान बाटली. मावशींनी बाटली हातात घेतली, वरचं रबर पुसलं, सुई खुपसली आणि औषध ओढायला लागल्या. मी त्यांना तिथंच थांबवलं.

बाटलीत वर पाण्यासारखा नितळ थर होता आणि तळाशी पांढरा साका. मिक्स इन्सुलिन ठेवून दिलं की असंच बसतं. सावकाश काम करणारा भाग जड, तो खाली जातो. बाटली दोन तळव्यांत आडवी धरून दहा वेळा लाटायची, मग दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची, आणि सगळं दुधासारखं एकसारखं दिसलं तरच औषध ओढायचं. जोरात खळखळून हलवायचं नाही, फेस आणि बुडबुडे होतात. मावशी हलवतच नव्हत्या. त्यामुळे कुठल्या दिवशी त्यांच्या पोटात 30/70 जात होतं आणि कुठल्या दिवशी भलत्याच प्रमाणातलं मिश्रण, हे देवालाच माहीत. नव्या बाटलीत एकूण प्रमाण तरी बरोबर असतं, न हलवता औषध काढत गेलं की उरलेल्याचं प्रमाण आणखी बिघडत जातं, म्हणजे एकाच डोसची कामगिरी महिन्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरी.

सिरिंजवरचे आकडे पुसट झाले होते. "किती दिवस वापरता?" मावशींनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "दहा-बारा दिवस. टोचताना दुखायला लागली की टाकतो." हे उत्तर मला नवीन नाही. एकदा वापरून टाकायची सुई आपल्याकडे सर्रास अनेकदा वापरली जाते, आणि त्याला पैशांइतकंच कारण म्हणजे कुणी ठामपणे सांगितलेलं नसतं. सुई इतकी बारीक असते की तिचं टोक पहिल्याच वापरात बोथट व्हायला लागतं. वरचं वंगण निघून जातं. आत उरलेलं औषध सुकून भोक बुजतं. आणि प्रत्येक बोथट टोच कातडीखाली थोडी जास्त इजा करते.

पण अजून मुख्य गोष्ट पुढेच होती. मावशींनी पदर जरा बाजूला केला, डाव्या हातानं बेंबीच्या उजवीकडची जागा न बघता चाचपली आणि सुई तिथं नेली. मी विचारलं, "नेहमी इथंच?" त्या पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या. "हितं दुखत न्हाई ना ताई. सकाळी ह्या अंगाला, रातच्याला त्या अंगाला."

ज्या जागी दुखत नाही, तिथंच आधी हात ठेवायचा, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय.

गाठी

मावशींना आडवं केलं, हातावर थोडं अल्ट्रासाउंडचं जेल घेतलं आणि बोटांच्या टोकांनी पोटावरून बाहेरून आत येत गेले. साधी चरबी मऊ असते, चिमटीत येते. बेंबीच्या उजवीकडे बोटं अचानक एका रबरी, टणक भागावर चढली. साधारण पाच सेंटीमीटर लांब, चार रुंद, चिमटीत येईना. डावीकडे तशीच, थोडी लहान. उभ्यानं बघितलं तर नुसता थोडा फुगवटा दिसत होता, पोट सुटलंय असं वाटावं इतकाच. या गाठी डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतात.

याला वैद्यकीय नाव आहे लायपोहायपरट्रॉफी. इन्सुलिन शुगर कमी करतं तसंच चरबी वाढवायलाही मदत करतं. रोज एकाच जागी ते सोडलं, त्यात बोथट सुईनं ती जागा खरचटत राहिली, की तिथल्या चरबीच्या पेशी फुगतात, काही ठिकाणी घट्ट तंतू तयार होतात. गाठ दुखत नाही, उलट तिथं सुई कमी बोचते. म्हणून माणूस तिथंच परत जातो आणि गाठ वाढत राहते. गाठीत सोडलेलं इन्सुलिन रक्तात नीट पोहोचत नाही. कधी निम्मंच पोहोचतं, कधी उशिरा आणि एकदम. सकाळी 34 पॉइंट घेऊनही जेवणानंतर 300, आणि रात्री सुई चुकून गाठीच्या कडेबाहेर चांगल्या जागी गेली तर पूर्ण 20 पॉइंट एकदम लागू. डिसेंबरातल्या त्या घामाच्या रात्रींचा अर्धा उलगडा इथं झाला.

मी सुनेला बोलावलं, तिचा हात घेतला आणि गाठीवर ठेवला. मग शेजारच्या मऊ भागावर. तिनं हात पटकन मागे घेतला. "हे काय हाय आत्या? कधी सांगितलं न्हाई तुम्ही." मावशी म्हणाल्या, "मला वाटलं वयानं पोट सुटलं."

अडीच वर्षांत निदान दहा वेळा कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात त्यांची शुगर बघितली गेली होती. रिपोर्ट बघून आकडा वाढवला गेला, पोटावर हात कुणी ठेवला नाही. यात मी स्वतःला वेगळं काढत नाही. आमच्याकडे त्या चार महिन्यांपूर्वी एकदा येऊन गेल्या होत्या, तेव्हा गर्दी होती आणि मी फक्त वही बघून पाठवलं होतं. त्या दिवशी पोट बघितलं असतं तर डिसेंबरातल्या त्या दोन रात्री टळल्या असत्या. ते मला आजही सलतं.

लुगडं, मांडी आणि आडोसा

इंजेक्शनच्या जागा चार: पोट, मांडीचा वरचा बाहेरचा भाग, दंडाचा मागचा भाग आणि कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. हे चित्र प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं असतं. चित्रातल्या माणसाच्या अंगावर चड्डी असते. मावशी नेसतात पाचवारी, घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसं सात.

साडी नेसलेल्या बाईच्या पोटाचा मोकळा भाग किती? ब्लाउजच्या खाली आणि निऱ्यांच्या वर, बेंबीच्या आजूबाजूची चार-पाच बोटांची पट्टी. स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहून पदराआड हात घातला की जिथं पोहोचतो, तीच ही जागा. मावशींच्या दोन्ही गाठी नेमक्या या पट्टीत होत्या. मांडीवर घ्यायचं तर साडी वर घ्यावी लागते, आणि त्यासाठी दार लावता येईल अशी खोली लागते, सकाळी सासरे आणि नातवंडं उठलेली असताना ती मिळत नाही. 'जागा बदला' हे वाक्य त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. ती जागा घरात कुठं मिळेल, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही तिघी बसून घराचा नकाशाच काढला म्हणा. सकाळचं इंजेक्शन अंघोळीनंतर न्हाणीघरातच, साडी नेसायच्या आधी. त्या वेळी पूर्ण पोट मोकळं मिळतं, निऱ्यांच्या खालचा भागसुद्धा. रात्रीचं इंजेक्शन आतल्या खोलीत, दार लावून, मांडीवर. हे फक्त सोयीनं ठरवलं नाही. पोटावरून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, मांडी आणि कुल्ल्यावरून सावकाश. या प्रकारच्या मिक्स इन्सुलिनला सकाळी पोट आणि रात्री मांडी बरी, रात्री शुगर अचानक पडण्याचा धोका कमी होतो.

पोटाचे चार भाग केले, बेंबीपासून दोन बोटं सोडून. गाठींभोवती मी पेनानं रेघ ओढली आणि मुलाच्या मोबाइलवर फोटो काढून दिला. रेघेच्या आत सुई न्यायची नाही. एक आठवडा वरचा डावा भाग, पुढचा आठवडा वरचा उजवा, असं फिरत राहायचं. त्या भागातही रोज आदल्या दिवसापासून एक बोट अंतर सोडायचं. मावशी अक्षरओळखीपुरत्या शिकलेल्या, पण त्यांनी एका वाक्यात नियम बसवून टाकला: "म्हंजी भात लावतो तसं, एका रोपापासनं दुसऱ्या रोपाला अंतर." आता मी सगळ्यांना हेच उदाहरण देते.

सुईच्या बाबतीत आम्ही व्यवहार बघितला. त्यांची सिरिंज सहा मिलिमीटर सुईची. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी उचलायची, सुई पूर्ण घालायची, औषध सावकाश ढकलायचं, सुई बाहेर आली की मगच चिमटी सोडायची, आणि चोळायचं नाही. स्पिरिट लागतंच असं नाही, अंघोळ झालेली असेल तर अंग स्वच्छच असतं. लावलंच तर वाळू द्यायचं, नाहीतर झोंबतं. बाटलीतून औषध ओढायच्या आधी तितकीच हवा आत सोडायची, नाहीतर पुढे पुढे दट्ट्या जड जातो आणि बुडबुडे येतात. आणि दर वेळी नवी सिरिंज. मुलानं हिशेब केला आणि म्हणाला, एवढा खर्च बसेल आपल्याला. ज्या घरात हा खर्च बसत नाही तिथं मी वेगळं बोलते, पण बसतो तिथं सूट देत नाही.

दिवाळीचा फराळ

आता ज्या आठवड्यामुळे साखरेच्या डब्याला कुलूप लागलं, त्या आठवड्याकडे येते.

सुनेची वही नेटकी होती. त्यात दिवाळीच्या आधीपासून नऊ-दहा दिवसांचे आकडे एकदम चढलेले: 338, 372, 391. समोर तिनंच लिहिलं होतं, 'फराळ'. मावशी म्हणत होत्या, दोन चकल्या आणि अर्धी करंजी, त्याहून काही नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. गावातल्या डॉक्टरांनी तो कागद बघून डोस 28-16 वरून 34-20 केला.

पिशवीच्या तळाशी सिरिंजचं आणखी एक पाकीट होतं. मी सहज बाहेर काढलं आणि माझ्या अंगावर काटा आला. झाकणं नारिंगी. दहाच्या पाकिटात नऊ शिल्लक. सून म्हणाली, "दिवाळीत नेहमीच्या मेडिकलमध्ये सिरिंज संपल्या होत्या. दुसरीकडनं आणल्या. आत्यांना त्या आवडल्या नाहीत, मग परत लाल आणल्या."

आपल्याकडे बाटलीत मिळणारं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये 40 पॉइंट असं असतं. इन्सुलिन पेनाच्या (सिरिंजऐवजी वापरतात त्या पेनासारख्या साधनाच्या) काडतुसात मात्र एका मिलिलिटरमध्ये 100. म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. लाल झाकणाची 40 च्या इन्सुलिनसाठी, नारिंगी झाकणाची 100 च्या इन्सुलिनसाठी. दोन्हींवर रेघा असतात, दोन्हींवर आकडे असतात, आणि घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. नारिंगी सिरिंजवर 28 ची रेघ म्हणजे 0.28 मिलिलिटर. मावशींच्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे 11 पॉइंट. रात्री 16 च्या रेघेवर सहा-साडेसहा. एक सिरिंज त्या नेहमीप्रमाणे दहा दिवस वापरत होत्या. म्हणजे दहा दिवस त्यांच्या अंगात ठरलेल्या डोसच्या निम्म्याहूनही कमी इन्सुलिन गेलं, त्यातलंही गाठीत. शुगर 390 ला जायला करंजीची गरजच नव्हती.

आणि त्या आकड्यांवरून वाढवलेला डोस, लाल सिरिंज परत आल्यावर, पूर्ण मापानं जायला लागला. डिसेंबरातल्या दोन रात्रींचा उरलेला अर्धा उलगडा हा.

उलटी चूक याहून भयंकर. पेनाच्या काडतुसातलं इन्सुलिन सिरिंजनं ओढायचं आणि ते लाल सिरिंजनं, 20 च्या रेघेपर्यंत: अंगात जातात 50 पॉइंट. पेन बिघडलं, सुई संपली, म्हणून असं करणारे लोक मी पाहिलेत. काडतुसातून सिरिंजनं औषध ओढू नये, कधीच. बाटलीवर 40 लिहिलंय की 100 हे वाचायचं, सिरिंजवरही तोच आकडा वाचायचा, आणि दोन जुळले तरच पुढे जायचं. मावशींसाठी मुलानं बाटलीच्या झाकणाला लाल दोरा बांधला. लाल दोरा, लाल टोपी.

हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा सून बराच वेळ गप्प होती. मग मावशींच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आत्या, मी तुम्हाला लई बोलले." मावशी म्हणाल्या, "तुला तरी काय म्हाईत." त्यांनी पदरानं डोळे पुसले.

जागा बदलली म्हणजे डोसही बदलावा लागतो

इथं घाई केली असती तर मोठा घात झाला असता. गाठीत वाया जाणारं 34 पॉइंट इन्सुलिन दुसऱ्या दिवसापासून चांगल्या कातडीखाली गेलं, तर ते सगळंच लागू होणार. म्हणून 'उद्यापासून जागा बदला' असं नुसतं सांगून पेशंटला घरी पाठवायचं नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी डोस 26 आणि 14 केला. पंधरा दिवस उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी आणि आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला शुगर तपासायची ठरली. हा आकडा मावशींचा आहे. वाचणाऱ्यानं तो स्वतःला लावू नये, किती कमी करायचं ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला फोन आला. मावशी बँकेत पेन्शनच्या रांगेत होत्या, जेवण लांबलं होतं, आणि हातपाय कापायला लागले होते. सकाळच्या मिक्स इन्सुलिनमधला सावकाश भाग दुपारी जोरात असतो, त्या वेळी जेवण टळलं की असं होतं. पहिल्या दिवशी त्यांच्या बटव्यात मी ग्लुकोजची पुडी ठेवायला लावली होती. त्यांनी शेजारच्या बाईकडून पाणी मागून तीन चमचे पावडर घेतली. पंधरा मिनिटांनी घाम थांबला, मग मुलानं आणलेली भाकरी खाल्ली. घरी मोजली तेव्हा 96. 70 च्या खाली गेली की आधी गोड, मग पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत गोड, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करून घेतला होता. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, साखरही नाही, ठसका लागून जीव जातो. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

ज्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप होतं, त्याच घरात आता उशाशी साखरेची बरणी ठेवायची होती. कुलूप सुनेनं त्याच दिवशी काढलं. डोस 22 आणि 14 झाला.

फ्रिजचं थोडक्यात सांगते. बाटली फ्रीझरच्या खाली चिकटून ठेवलेली होती, कधीमधी बर्फाच्या कडेला. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, पण कामाचं राहत नाही, फेकायचं. न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात डब्यात घालून. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, झाकणावर उघडल्याची तारीख लिहून. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो आणि लाईट जाते, म्हणून उघड्या बाटलीसाठी माठाची युक्ती सांगितली. मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. नळाची तोटी सुटलेला जुना माठ त्यांच्याकडे होताच.

मावशी माळकरी. पहिल्याच भेटीत त्यांनी हळूच विचारलं होतं, "ताई, ह्ये औषध जनावराचं असतं म्हणत्यात, खरं का?" अडीच वर्षं हा काटा मनात घेऊन त्या इंजेक्शन घेत होत्या. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. 1982 पासून मात्र माणसाच्या इन्सुलिनसारखंच इन्सुलिन जीवाणूंच्या किंवा यीस्टच्या मदतीनं बनवून बाजारात आलं, आणि त्यांच्या बाटलीवरही 'ह्युमन' हाच शब्द होता. तो मी वाचून दाखवला. त्यांना केवढं हायसं वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं. दर एकादशीला त्या उपवास करतात आणि डोस तोच घेत होत्या, हेही याच गप्पांत बाहेर आलं. उपवास मोडा असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. एकादशीचा वेगळा डोस आणि दोन वेळचं ठरावीक खाणं त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं, तो कागद कॅलेंडरला टाचलाय.

वापरलेल्या सुया पूर्वी केरातून उकिरड्यावर जायच्या. एकदा नातवाच्या पायात गेलीही होती, हे मुलानं दुसऱ्या भेटीत सांगितलं. आता फिनेलची रिकामी जाड बाटली आहे. सुईला झाकण परत लावायचं नाही, बोटात जाण्याची भीती तिथंच जास्त. सुई सरळ बाटलीत, बूच घट्ट, बाटली कपाटावर. पाऊण भरली की मुलगा ती दवाखान्यात आणून देतो, आम्ही ती आमच्या धारदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात घालतो. घरातल्या सुया 2016 च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून धरल्या होत्या; त्या ओल्या-सुक्यात टाकायच्या नाहीतच. घंटागाडीवरच्या बाईच्या हातात हातमोजे नसतात, ती बाटली निदान तिच्यासाठी तरी वेगळी ठेवावी.

मे महिन्यात एचबीएवनसी 7.9 आली. रोजचं इन्सुलिन 54 पॉइंटवरून 36 वर. पहाटेचा एकही आकडा 80 च्या खाली नाही. मावशींनी वही स्वतः पुढे केली, सुनेच्या हातून घेऊन.

जुलैत आषाढीच्या आधी परत आल्या. डावीकडची गाठ मऊ झालीय, चिमटीत येते. उजवीकडची निम्म्यावर आलीय पण आहे. त्या जागेला अजून किमान तीन महिने सुई लावायची नाही, रेघ मी पुन्हा ओढून दिली. वारीत पंढरपूरला दोन दिवस राहणार म्हणून बाटली, सिरिंजा आणि ग्लुकोज अंगावरच्या पिशवीत कसं ठेवायचं ते बघून घेतलं.

निघताना सून दारात थांबली. तिची आई सांगोल्याकडे असते, सहा वर्षं इन्सुलिनवर, डोस सारखा वाढतोय. "तिला आणू का ताई? तिचं पोट कुणी बघितलं नसंल." पुढच्या गुरुवारी सकाळी बोलावलंय, घरचं सामान घेऊन, उपाशीपोटी.